सोयाबीनमधली निकेलची जोडी

वाशिम जिल्ह्यात खरिपातले प्रमुख पीक सोयाबीन. त्याच्या दाण्यात युरिएज हे विकर भरपूर असते. युरिया फोडून अमोनिया तयार करणे, हे त्याचे काम. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये जॅक बीन या शेंगवर्गीय पिकाच्या दाण्यांतून याच विकराचे स्फटिक मिळवले. त्यात निकेल असल्याचे मात्र १९७५ मध्ये कळले.

विकराच्या केंद्रात निकेलचे दोन आयन सुमारे ०.३५ नॅनोमीटर अंतरावर असतात. त्यांना धरून ठेवणारे गट, म्हणजे लिगँड, एका जातीचे नाहीत: हिस्टिडिनचे नायट्रोजन, अ‍ॅस्पार्टेटचा ऑक्सिजन, पाण्याचे रेणू. रूप बदललेले लायसिन आणि एक हायड्रॉक्साइड या दोन आयनांना सांधतात.

प्रत्येक आयनात दोन एकटे इलेक्ट्रॉन असल्याने तो सूक्ष्म चुंबकच ठरतो. जॅक बीनच्या युरिएजमध्ये या सांध्यातून दोन्ही चुंबक एकमेकांना किंचित उलट दिशेला वळवतात. ही ओढ इतकी क्षीण, की ती अतिशीत तापमानातच ठळक दिसते. एरवी उष्णता तिच्यावर मात करते.

पशुपालकांनी एक लक्षात ठेवावे: जनावरांच्या खुराकात कच्चे सोयाबीन आणि युरिया एकत्र देऊ नये. अमोनिया झपाट्याने वाढून विषबाधा होऊ शकते.