पानिपताची ‘संक्रांत’ आणि पंचांगाची साक्ष

आज घरोघरी सुगडे पुजली जातील. हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, बोरे, उसाची कांडी आणि तीळ यांनी ती भरून सुवासिनी देवापुढे ठेवतील. थोरांच्या हातून तिळगूळ घेऊन लहानगी गोड बोलण्याचे वचन देतील. असा हा मंगल दिवस. तरीही आपल्या मराठी भाषेची गंमत अशी की, कोणावर संकट ओढवले म्हणजे ‘त्याच्यावर संक्रांत आली’ असेच आपण म्हणतो. सणाला असे दूषण का, म्हणून विचारावे तर कोणीतरी हटकून उत्तर देतो, “पानिपत संक्रांतीलाच झाले ना!”

वाचकहो, हे उत्तर आम्ही स्वतः कित्येक वर्षे दिले आहे, आणि तेही नारदाच्या गादीवर उभे राहून. संक्रांतीच्या कीर्तनात पूर्वरंगी काळाचा महिमा सांगावा आणि उत्तररंगी पानिपताचे आख्यान लावावे, असा आमचा परिपाठ होता. ‘१४ जानेवारी १७६१, मकरसंक्रांतीचा दिवस’ हे शब्द उच्चारले की सभामंडप स्तब्ध होई, वृद्धांचे डोळे पाणावत. दिवसच वाईट होता, तेथे शूरांनी तरी काय करावे, असा उसासा टाकून मंडळी घरी जात.

काही वर्षांपूर्वी असेच कीर्तन आटोपून आम्ही तिळगूळ वाटत होतो. शाळकरी वयाची एक मुलगी पुढे आली. नमस्कार करून म्हणाली, “बुवा, विवेकानंद संक्रांतीला जन्मले असे आमच्या बाई सांगतात. पण त्यांची जयंती आम्ही १२ जानेवारीला करतो. मग तेव्हा संक्रांत बाराला होती, तर पानिपताच्या वेळी चौदाला कशी?” आमच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. “बाळ, बघून सांगतो,” एवढेच आम्ही म्हणू शकलो.

त्या रात्री पंचांगे आणि जुने ज्योतिषग्रंथ काढून बसलो. प्रश्न मुलीचा होता, पण उत्तर वराहमिहिरासारख्याच्या दारात नेणारे निघाले.

गणित सोपे आहे. तिथी चंद्रावर चालते आणि संक्रांत सूर्यावर. सूर्य निरयन मकर राशीत प्रवेश करतो तो क्षण म्हणजे आपली संक्रांत. सूर्याला एका नक्षत्रापासून निघून पुन्हा त्याच नक्षत्रापाशी येण्यास सुमारे ३६५ दिवस, ६ तास आणि ९ मिनिटे लागतात. इंग्रजी वर्षाचे सरासरी मान त्याहून सुमारे २० मिनिटांनी लहान आहे. हा फरक दरवर्षी साठत जातो. २० मिनिटांना ७२ ने गुणिले की १४४० मिनिटे, म्हणजे पुरते एक अहोरात्र होते. याचा अर्थ असा की, दर ७२ वर्षांनी संक्रांत इंग्रजी तारखेच्या हिशेबाने एकेक दिवस पुढे सरकते.

आता हेच उलट मोजावे. आज संक्रांत १४ वा १५ जानेवारीस येते. १८६३ साली ती १२ जानेवारीस आली आणि त्याच दिवशी स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला. त्याच्याही मागे १०२ वर्षे गेले की १७६१ साल येते. तेथे गणिताने संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास पडते. पानिपताचा रणसंग्राम झाला तो शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार या दिवशी, म्हणजेच १४ जानेवारीस. त्या दिवशी संक्रांत होऊन चारएक दिवस लोटले होते.

मग हा समज रुजला कसा? आपल्या हयातीत संक्रांत बहुधा चौदालाच येत गेली. इतिहासाच्या पुस्तकात १४ जानेवारी ही तारीख वाचली आणि आपण आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर अडीचशे वर्षे मागे नेऊन टांगले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. परंतु परिणाम मात्र गंभीर झाला, कारण दोष दिवसाच्या माथी मारला की खरी कारणे झाकली जातात.

ती कारणे पाहावीत. १७६० च्या नोव्हेंबरपासून सदाशिवरावभाऊंची छावणी पानिपतास अडकून पडली होती. सैन्याबरोबर बुणगे आणि यात्रेकरू असा मोठा जमाव होता. अब्दालीने रसद तोडली. अंतर्वेदीतून रसदीची खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. माणसांना दाणा आणि जनावरांना वैरण मिळेना. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे, या निश्चयाने सैन्य त्या सकाळी बाहेर पडले. विश्वासराव पडले, भाऊ पडले. त्याच वर्षी २३ जून रोजी पुण्यास पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांनी देह ठेवला. उपासमारीने खंगलेल्या देहांनी तेथे तलवार चालविली, हे त्या शूरांचे खरे माहात्म्य. दिवसाला दोष देऊन आम्ही तेच झाकीत होतो.

परंपरेला गणिताच्या कसोटीवर घासणे अश्रद्धपणाचे आहे, असे कोणास वाटेल. त्यांनी सहाव्या शतकातील वराहमिहिरांची बृहत्संहिता पाहावी. त्यात आचार्य स्पष्ट सांगतात की, पूर्वीच्या शास्त्रांप्रमाणे एके काळी उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी होत असे, परंतु आता ते मकराच्या आरंभी होते. शंका असल्यास सूर्याचे उदयास्त व शंकूची छाया पाहून प्रत्यक्ष पडताळा घ्यावा, असाही त्यांचा उपदेश आहे. पूर्वसूरींविषयी पूर्ण आदर ठेवूनच त्यांनी आकाशाकडे पाहिले. त्यांच्यानंतरही अयनबिंदू सरकतच आहे. आज सूर्य प्रत्यक्ष उत्तरेकडे वळतो तो २१ वा २२ डिसेंबरला. संक्रांतीचे पुण्य मात्र आपण मकरप्रवेशाशी जोडून आजही श्रद्धेने पाळतो. ज्ञान आणि श्रद्धा एका घरात सुखाने नांदू शकतात.

आणि पितामह भीष्म? शरशय्येवर ५८ रात्री काढून त्यांनी उत्तरायणाची वाट पाहिली. त्यांना हवा होता सूर्याचा खराखुरा परतीचा क्षण. लोक म्हणतात म्हणून एखादा दिवस मानून घेतला असता, तर वेदना केव्हाच संपल्या असत्या.

पुढच्या वर्षी त्याच मंडपात, त्याच गादीवरून आम्ही आमची चूक सांगितली. काही श्रोते नाराज झाले. एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “बुवा, आख्यानातला रंगच गेला.” आम्ही हात जोडून म्हणालो, “महाराज, रंग गेला असेल, पण ज्या गादीवर हरिनाम घेतो, तेथे जाणूनबुजून असत्य कसे ठेवावे?” ती मुलगी पुढच्याच रांगेत बसली होती. तिळगूळ प्रथम तिच्या हातावर ठेविला.

आज तिळगूळ देताना गोड बोलण्याचे वचन आपण एकमेकांना देणारच आहोत. ते गोड खरेही असावे, एवढाच संकल्प त्यास जोडावा. आणि सायंकाळी मुलांना पानिपताची कथा सांगाल, तेव्हा सणाला दोष न देता त्या भुकेल्या वीरांसाठी देवापुढे एक वात अवश्य लावावी.