डोक्यावरचा दिवा आणि कोपगृहातले छायाचित्र

शयनगृहात काढलेल्या स्त्रियांच्या खासगी छायाचित्रांना 'बुद्वार' छायाचित्रण म्हणतात. शब्द मूळ फ्रेंच. 'बुदे' म्हणजे रुसणे. त्यावरून स्त्रीची एकटीने बसण्याची खोली ती बुद्वार. म्हणजे आपल्या कैकेयीचे कोपगृहच! नावाने दचकायला नको. पैठणी नेसून, केस मोकळे सोडून पलंगावर निवांत टेकलेल्या गृहिणीचे छायाचित्रही याच प्रकारात बसते.

घरातली कर्ती बाई आल्बममध्ये सापडते ती बहुधा कुणाच्या तरी मागे, नाहीतर ताटे वाढताना. एकटीचे छायाचित्र काढू म्हटले की ती म्हणते, "माझा फोटो चांगला येत नाही." पुष्कळदा दोष चेहऱ्याचा नसतो, छतावरच्या दिव्याचा असतो.

अल रुवैसला हे दुपारी घराबाहेर पडताच कळते. कतारच्या उत्तर टोकावरचे हे गाव सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे माथ्यापासून जेमतेम तीन अंश ढळलेला असतो. अशा उन्हात कपाळ आणि नाक चकाकतात, डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो, हनुवटीखाली काळी सावली पडते. खोलीच्या मधोमध लावलेला दिवा हेच करतो. 'द गॉडफादर' (१९७२) या चित्रपटात छायालेखक गॉर्डन विलिस यांनी मार्लन ब्रँडोवर मुद्दाम वरून प्रकाश टाकला आणि डोळे सावलीत ठेवले. त्या माफिया सरदाराला ते शोभले. आपल्या घरच्या माणसाला कसे शोभावे?

उपाय सोपा आहे. दिवा हलवता येत नसेल तर माणूस हलवावा. दिव्याच्या थेट खाली न बसवता दोन-तीन पावले मागे, दिव्याकडे तोंड करून बसवावे. हनुवटी किंचित वर घ्यायला सांगावी, म्हणजे डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसतो. मांडीवर पांढरी चादर असली तर खालून परतणारा प्रकाश सावल्या फिक्या करतो. पलंगावर उताणे निजल्यास वरचा दिवा चेहऱ्याच्या समोरच येतो. डोळ्यांखालची वर्तुळे, सुरकुत्या पुसट होतात. पण दिव्याच्या आड कॅमेरा धरून आपलीच सावली पाडू नये.

बैठकीचेही तसेच. समोरासमोर ताठ बसवले की ओळखपत्राचा फोटो होतो. खांदे थोडे तिरके, मान कॅमेऱ्याकडे, भार एका बाजूला लोडावर. दंड अंगाला चिकटला की रुंद दिसतो, म्हणून कोपर जरा सुटे ठेवावे. हातांना काम द्यावे: बांगडी सारखी करणे, वेणी सोडणे.

प्रकाश अजून मऊ हवा असेल तर सुब्रत मित्र यांची युक्ती आठवावी. 'अपराजितो' (१९५६) साठी बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. त्यांनी वर पांढरे कापड ताणले, दिवे खालून त्यावर मारले आणि परतलेला प्रकाश चौकात उतरवला. आपल्याला टेबललॅम्प पांढऱ्या छताकडे वळवला तरी पुरे. मात्र तापलेल्या दिव्यावर ओढणी टाकू नये. ती पेट घेऊ शकते.

एक गोष्ट या सगळ्यांहून महत्त्वाची. हे छायाचित्र तिचे आहे. काय नेसायचे, कुठे थांबायचे, कोणते ठेवायचे आणि कोणते पुसायचे, हे तिनेच ठरवावे. तिच्या होकाराशिवाय ते नातेवाइकांच्या गटावरही जाऊ नये. एकदा गेलेले चित्र परत बोलावता येत नाही. फोनमध्ये ते आपोआप दुसरीकडे साठवले जात नाही ना, तेही आधी पाहावे. खासगीपणाबाबत कतारचा कायदा कडक आहेच; पण घरातला विश्वास त्याहून नाजूक असतो.

येत्या शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, दिव्याखालची खुर्ची तेवढी दोन पावले मागे सरकवून पाहा. आणि पहिले छायाचित्र तिलाच दाखवा.