घोड्यांचा कायदा आणि करदाता

अमेरिकेत मोबदला घेऊन दुसऱ्याचे करविवरणपत्र भरणाऱ्याला देशपातळीवर परीक्षा नाही. करखात्याचा नोंदणी क्रमांक पुरतो. २०११मध्ये खात्याने वकील वा लेखापाल नसलेल्यांना परीक्षा आणि वर्षाला १५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. आधार घेतला १८८४च्या कायद्याचा. सैनिकांच्या गमावलेल्या घोड्यांची भरपाई मिळवून देणाऱ्या दलालांना आवरण्यासाठी तो झाला होता. २०१४मध्ये अपील न्यायालयाने म्हटले, विवरणपत्र भरणे म्हणजे खात्यापुढे अशिलाची बाजू मांडणे नव्हे. नियम रद्दच राहिले. शब्दार्थ म्हणून मला हे पटते. पण भरणारा चुकला, तरी उरलेला कर व्याजासह भरतो करदाताच. ओरेगॉनसारखी मोजकी राज्ये परीक्षा घेतात. बाकीच्यांसाठी नवा कायदा अमेरिकी संसदेनेच करायला हवा.