हातातल्या जी.पी.एस.वर उपग्रहाचे फुकट चित्र : डोंगरी बाजार करणाऱ्यांनी वाचावे

कोल्हापूर जिल्ह्यात कापड, भांडी, चपला, कटलरी घेऊन आठवडी बाजार करणारे बांधव पुष्कळ आहेत. मलकापूर, गारगोटी, चंदगड, गगनबावडा येथपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्याची अडचण नाही. अडचण त्याच्या पुढे आहे. उधारी वसूल करायला किंवा लग्नाचा बस्ता पोहोचवायला एखाद्या वाडीवर, धनगरवाड्यावर जावे लागते. तेथे डांबर संपते, मोबाईलची रेंज जाते आणि तिकटीवर टेम्पो उभा करून कोणी वाटसरू येतो का ते पाहावे लागते. चुकीच्या फाट्याने गेलेला भरला टेम्पो चिखलात रुतला तर डिझेल जाते, दिवस जातो आणि ताग्यांना पाणी लागले तर भांडवलही जाते. अशा वेळी हातात धरण्याचे जी.पी.एस. यंत्र आणि त्यावर चढवलेले उपग्रहाचे चित्र कितपत कामाला येते व कुठे दगा देते, एवढेच आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. रेंज गेली की जी.पी.एस. बंद पडते, असे आपले पुष्कळ व्यापारी बंधू समजतात. तसे नाही. जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे 20 हजार कि.मी. उंचीवरून फिरतात आणि यंत्र त्यांचे नुसते ऐकते. त्याला टॉवर लागत नाही, बिलही येत नाही. अमेरिकेने 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत सर्वसामान्यांसाठीच्या या संदेशात मुद्दाम बिघाड ठेवला होता, त्यामुळे शंभर मीटरची चूक सहज पडे. तो बिघाड काढल्यापासून मोकळ्या माळावर यंत्र काही मीटरांत जागा दाखवते. रेंज गेल्यावर जातो तो नकाशा, कारण मोबाईल तो वाटेतच मागवत असतो. म्हणजे आपण कोठे आहोत हे यंत्राला ठाऊक असते, पण त्या जागेभोवती काय आहे हे त्याला आधी घरून शिकवून ठेवावे लागते. आमच्या उर्दू शाळेत होकायंत्राला कुतुबनुमा म्हणत. तो दिशा सांगे, वाट सांगत नसे. नकाशाविना जी.पी.एस.चेही तसेच आहे.

यंत्रासोबत येणाऱ्या नकाशात हमरस्ते असतात, बैलगाडीची वाट नसते. उपग्रहाच्या चित्रात ती दिसू शकते. गार्मिन कंपनीने 2009 पासून आपल्या हातातल्या यंत्रांवर स्वतःचे चित्र चढवण्याची सोय दिली आहे, तिला कस्टम मॅप्स म्हणतात. खरेदी करताना मात्र मॉडेल पाहून घ्यावे. ईट्रेक्स 10 वर चित्र चढत नाही. ईट्रेक्स 20, 30 आणि पुढच्या 22 एक्स, 32 एक्सवर चढते. स्वस्त म्हणून पहिले उचलले तर या कामासाठी पैसे वाया गेले असे समजावे.

चित्र फुकट कोठे मिळते? युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रे सर्वांना मोफत उतरवून घेता येतात, फक्त नाव नोंदवावे लागते. यातला पहिला उपग्रह 2015 साली सुटला, दुसरा 2017 साली. सुमारे पाच दिवसांनी त्याच जागेचे नवे चित्र येते. अमेरिकेची लँडसॅटची चित्रे 2008 पासून मोफत झाली, पण ती अधिक जाड आहेत. आपल्या इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ 2009 पासून आहे, तेही पाहावे. गूगल अर्थवर झाडन्‌झाड दिसते हे खरे. पण पाहायला फुकट आणि घाऊक उतरवून घ्यायला फुकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीला त्यांच्या अटी परवानगी देत नाहीत. गार्मिनची स्वतःची बर्ड्‌सआय नावाची बारीक चित्रे पूर्वी वार्षिक वर्गणीवर मिळत. 2018 साली आलेल्या जीपीएसमॅप 66 पासून काही मॉडेलांना ती वर्गणीशिवाय थेट यंत्रात घेता येऊ लागली. दुकानदाराला हा प्रश्न आधी विचारावा.

आता माप. कापडवाल्याला हा हिशेब लगेच समजेल. सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन, जवळपास नेमका एक गुंठा. एका गुंठ्याचा एकच रंग, त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही. तीन मीटर रुंदीची गाडीवाट त्यात दिसली तर केवळ तांबड्या मातीचा रंग हिरव्यात उठून दिसतो म्हणून. अर्ध्या मीटरच्या बारीक चित्रात मात्र वाट, वळण, बांध, घराचे पत्रे सगळे दिसते. मग सगळे बारीकच का घेऊ नये? कारण यंत्राच्या पोटाला मर्यादा आहे. बहुतेक मॉडेले 1024 बाय 1024 ठिपक्यांचे शंभर तुकडे घेतात, काही नवी पाचशे घेतात. सेंटिनेलचा एक तुकडा सव्वादहा कि.मी. लांब-रुंद होतो. आपला 7,685 चौ. कि.मी.चा जिल्हा, कडेची कातरण धरून, शंभर तुकड्यांच्या आसपास बसतो. अर्ध्या मीटरचा तुकडा मात्र जेमतेम अर्धा कि.मी. भरतो, शंभर तुकड्यांत अवघे 26 चौ. कि.मी. म्हणून सगळा ताका नेऊ नये, पट्टा कापावा. अर्धा कि.मी. पन्ह्याचा आणि 51 कि.मी. लांबीचा पट्टा तेवढ्याच शंभर तुकड्यांत निघतो. डांबर संपते तेथून वाडीपर्यंतची वाट क्वचितच एवढी लांब असते.

कृती अवघड नाही, आमच्या दुकानात पुतण्या ती करतो. गूगल अर्थच्या संगणकावरील प्रोग्रॅममध्ये आपण उतरवलेले जेपेग चित्र इमेज ओव्हरले म्हणून ठेवायचे, चारही कोपरे जागेवर बसवायचे, केएमझेड फाइल करून केबलने यंत्रातल्या गार्मिन फोल्डरमधील कस्टममॅप्स फोल्डरमध्ये टाकायची. मापापेक्षा मोठे चित्र दिले तर यंत्र ते धूसर करून दाखवते, म्हणून तुकडे आधीच पाडावेत. कोपरे बसवताना तळ्याचा सांडवा, पूल, शाळेची इमारत अशा न हलणाऱ्या खुणा धराव्यात. घराजवळच्या एखाद्या चौकात उभे राहून यंत्राचा बाण चित्रातल्या चौकावरच येतो का, हे निघण्यापूर्वी तपासावे.

चित्राची तारीख हा याहून मोठा मुद्दा आहे. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग असतात, त्यामुळे कामाचे चित्र मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चचे घ्यावे. तेव्हा गवत वाळलेले असते आणि सड्यावरच्या, माळावरच्या वाटा उघड्या पडतात. पण येथेच धोकाही आहे, आणि आमच्या मते कोल्हापूरच्या माणसाने तो सर्वांत आधी ध्यानात घ्यावा. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांवर आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांब, त्यांत पावसाळ्यानंतर घालायचे बरगे, आणि वरून माणसे व हलकी वाहने जाण्याची सोय. मार्चच्या चित्रात असा बंधारा नदीवरच्या पुलासारखा दिसतो, दोन्ही बाजूंना वाट येऊन मिळालेली. जुलैत तोच पाण्याखाली असतो. कोणते बंधारे बुडाले याची यादी दर पावसाळ्यात जाहीर होते. चित्राला ती ठाऊक नसते. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा 50 फुटांच्याही वर गेली आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला. मोठा रस्ता बंद झाला की माणूस आतली वाट शोधतो, आणि यंत्रावर बंधारा ठळक दिसतो. रात्रीच्या वेळी भरल्या टेम्पोने त्या चित्रावर विश्वास ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून नेहमीच्या वाटेवरचा प्रत्येक बंधारा यंत्रात खूण म्हणून आधीच नोंदवावा आणि त्या खुणेच्या नावात ‘पावसाळ्यात बंद’ असे शब्द घालावेत.

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात दुसरीच गोष्ट होते. झाडांचे छत दाट, त्याखालची वाट कोणत्याच चित्रात येत नाही, खोल दरीत उपग्रहही कमी दिसतात आणि बाण इकडे-तिकडे सरकतो. शिवाय तो अभयारण्याचा भाग आहे, वाट दिसली म्हणून वन खात्याच्या परवानगीशिवाय वाहन घालता येत नाही. खासगी शेतातल्या वाटेचेही तेच. चित्रात मालकी दिसत नसते.

कायद्याची एक बाब सांगणे जरूर आहे, कारण आखाती देशांतून येणारे आपले नातेवाईक भेट म्हणून यंत्रे आणतात. साधे जी.पी.एस. यंत्र फक्त ऐकते, त्याला हरकत नाही. पण उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे, उदाहरणार्थ गार्मिनचीच इनरीच, आणि सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना याच कारणाने अडवले गेले. दोन्ही यंत्रे दिसायला सारखीच असतात, म्हणून खोक्यावरचे नाव वाचून घ्यावे.

ज्यांच्याकडे चांगला मोबाईल आहे त्यांनी वेगळे यंत्र घ्यावेच असे आम्ही म्हणणार नाही. नकाशा घरीच साठवून ठेवला तर मोबाईलही रेंजशिवाय चालतो. फरक पडतो तो पावसात आणि दिवस कलताना. ईट्रेक्स दोन पेन्सिल सेलवर सुमारे 25 तास चालते आणि ते सेल वाडीवरच्या किराणा दुकानातही मिळतात. त्याचा आणखी एक फायदा असा की ते गेलेली वाट आपोआप आखून ठेवते. टेम्पो सुखरूप गेला-आला की ती रेघ संगणकावर उतरवावी आणि पुढच्या वेळी चित्रावर ठेवावी. उन्हाळ्याची रेघ वेगळ्या फाइलमध्ये, पावसाळ्याची वेगळ्या, आणि प्रत्येकीच्या नावात महिना व साल घालावे.