कर्करोग, मन आणि मेंदूची प्रतिमा

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातील ज्या कुटुंबांत कर्करोग शिरला, त्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेसचा रात्रीचा प्रवास समजावून सांगावा लागत नाही. पहाटे दादरला उतरायचे, परळच्या टाटा रुग्णालयाची रांग गाठायची आणि मांडीवर फाइल सांभाळीत दिवसभर बसायचे. आता कराडला, मिरजेला व साताऱ्याजवळही कर्करोगावर उपचार होतात; तरी परळची वाट अद्याप सुटलेली नाही. त्या फाइलीत रक्ताचे, गाठीचे, स्कॅनचे कागद असतात. रुग्णाला रात्र रात्र झोप का नाही, घरात असूनही तो बोलेनासा का झाला, याचा कागद मात्र बहुधा नसतो. अशा कागदाची गरज का आहे आणि तो यंत्रातून निघेल काय, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

प्रथम यंत्राविषयी. भारतातील पहिले पेट स्कॅनचे यंत्र २००२ साली परळ येथेच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसविण्यात आले. या तपासणीत साखरेसारख्या एका पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो शिरेतून देतात. ज्या पेशी साखर अधिक वापरतात त्यांत तो साठतो व प्रतिमेत त्या जागा उजळ दिसतात. कर्करोगाची गाठ बहुधा अधाशी असते, म्हणून ती चमकते. हे फ्लोरिन सुमारे ११० मिनिटांत निम्मे उरते. त्यामुळे ज्या शहरात सायक्लोट्रॉन आहे तेथून औषध वेळेत पोहोचावे लागते. गाडीला उशीर झाला की सकाळपासून उपाशी असलेला रुग्ण आणखी ताटकळतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण त्यापायी घरेच्या घरे हवालदिल झालेली आम्ही पाहिली आहेत. पेटच्या चित्रात मेंदू लखलखीत दिसतो. ते पाहून नातेवाईक समजतात की रोग डोक्यात गेला. वस्तुस्थिती अशी की मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के भाग असून विश्रांतीच्या वेळी शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा एकटा वापरतो, आणि त्याचे मुख्य इंधन साखरच. निरोगी माणसाचा मेंदूही त्या चित्रात असाच उजळतो. अहवाल डॉक्टरांकडून समजून घेण्यापूर्वी चित्रावरून निष्कर्ष काढू नये.

मेंदूच्या या उजेडाचा उपयोग काही संशोधकांनी वेगळ्या कामासाठी केला. जपानमध्ये कर्करोगाच्या रुग्णांच्या पेट प्रतिमांतील मेंदूचा भाग स्वतंत्रपणे अभ्यासण्यात आला. ज्यांचे मन खचलेले होते, त्यांच्यात कपाळामागील भाग व भावनांशी संबंधित काही भाग यांतील साखरेचा वापर इतरांहून वेगळा आढळला. तेथीलच दुसऱ्या एका अभ्यासात, २००२ साली, स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या एमआरआय प्रतिमा मोजल्या गेल्या. आजाराच्या त्रासदायक आठवणी ज्यांच्या मनात नको असताना पुनःपुन्हा उसळत होत्या, त्यांच्यात हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग सरासरीने थोडा लहान दिसला.

हे अभ्यास लहान होते आणि त्यांतील फरक गटागटांच्या सरासरीचे आहेत. लहान हिप्पोकॅम्पसमुळे आठवणी छळतात की आठवणींच्या छळामुळे तो लहान होतो, हेही त्यांवरून ठरत नाही. एखाद्या मावशीचा किंवा काकांचा स्कॅन हाती घेऊन 'यांना नैराश्य आहे' असे सांगता येत नाही. कोणी मेंदूच्या चित्रावरून दुःख मोजून देण्याचे सांगून पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत. कर्करोगाच्या रुग्णाच्या डोक्याचा एमआरआय सामान्यतः वेगळ्याच कारणासाठी काढतात: रोग मेंदूत पसरला आहे काय हे पाहण्यासाठी. नवी डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, फिट येणे, बोलण्यात अडखळणे किंवा स्वभावात एकाएकी पडलेला फरक, ही त्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी 'आजाराने चिडचिडा झालाय' म्हणून दिवस घालवू नयेत.

मग या प्रतिमांनी आपल्याला काय दिले? आमच्या मते एक मोठी गोष्ट दिली. कर्करोगातील उदासी हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. तिला शरीरात जागा आहे. 'धीर धर', 'मन घट्ट कर' हे शब्द आपण मायेनेच उच्चारतो, परंतु पाय मोडलेल्याला 'नीट चाल' म्हणण्यासारखेच ते आहे.

याच संदर्भात २००३ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग आमच्या समाजाने अवश्य जाणून घ्यावा. त्यात रुग्ण नव्हते, निरोगी तरुण होते. फंक्शनल एमआरआय यंत्रात पडून ते पडद्यावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ खेळत होते. काही वेळाने इतर दोन खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकीनासे झाले. एवढ्याशा वगळण्यानेही मेंदूतील असा एक भाग अधिक क्रियाशील झाला की जो शारीरिक वेदनेच्या त्रासातही क्रियाशील होतो. पुढे इतर संशोधकांनी बारकाईने पाहून दोन्ही वेदनांचे ठसे एकसारखे नसल्याचे दाखविले, आणि ती दुरुस्ती योग्यच आहे. तरीही वगळले जाणे मेंदूला क्षुल्लक वाटत नाही, एवढे त्यातून उरतेच.

आम्हांला हे कळण्यासाठी अमेरिकेच्या प्रयोगाची गरज नव्हती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले, त्याला वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवले आहे. असे असूनही आज आपल्याच काही घरांत कर्करोग झालेल्या माणसाचा पेला, ताट, अंथरूण निराळे केले जाते. नातवंडांना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत. कर्करोग पेल्याने, स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. किमोथेरपीच्या काळात प्रतिकारशक्ती उतरते म्हणून सर्दी-खोकला असलेल्यांनी दूर राहावे, ते रुग्णाला जपण्यासाठी. वेगळ्या पेल्याने कर्करोगापासून कोणाचेच रक्षण होत नाही. ज्या समाजाने वेगळा पेला इतकी शतके सोसला, त्याच्या घरात तो पुन्हा यावा याची आम्हांला लाज वाटते.

दुसरा आघात 'मागच्या जन्मीचे पाप' या शब्दांचा. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात परिव्राजक सीवक बुद्धांना विचारतो की माणसाला जे भोगावे लागते ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही लोक मानतात, त्याचे काय? तथागत ते मत मान्य करीत नाहीत. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी अनेक कारणे ते सांगतात. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला आहे. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगामागे बहुधा तंबाखू, गुटखा, मिश्री असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा एक विषाणू असतो. आणि कित्येकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. पाप कोठेही सापडत नाही.

त्याच निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे: पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाच्या तळमळीचा. पुष्कळदा तो रुग्णालाच ऐकविला जातो, जणू दुसरा बाण त्याने हौसेने ओढवून घेतला. सुत्तात दुसरा बाण मनातून येतो हे खरे. आमच्या पाहण्यात मात्र तो अनेकदा शेजारच्या ओट्यावरून सुटतो. ध्यान वा आनापानाने चिंता व निद्रानाश यांत काही रुग्णांना आराम पडतो. त्याने गाठ मात्र विरघळत नाही. शिबिरासाठी किमोथेरपीची तारीख चुकवू नये.

आता त्या नसलेल्या कागदाकडे वळू. तो यंत्रातून निघत नाही, विचारपुशीतून निघतो. कर्करोग रुग्णालयांत 'डिस्ट्रेस थर्मामीटर' नावाचे एक साधन वापरतात. नाव थर्मामीटर असले तरी तो केवळ कागद असतो, शून्य ते दहा आकडे छापलेला. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, तो आकडा रुग्णाने दाखवायचा. घरीही दोन प्रश्न विचारता येतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला का? मन सतत उदास किंवा निराश वाटते का? भूक न लागणे व थकवा हे उपचारांमुळेही येतात, म्हणून त्यांवर विसंबून चालत नाही. 'मी तुम्हां सर्वांना ओझे झालो' हे वाक्य अधिक बोलके समजावे. उत्तर होकारार्थी आले तर कर्करोगाच्या डॉक्टरांनाच ते सांगावे व मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी. थायरॉइडची कमतरता, स्टेरॉइडची गोळी, न शमलेली वेदना यांमुळेही मन ढासळते, आणि त्यांवर औषध आहे. नैराश्यावरही आहे.

हे दोन प्रश्न विचारण्यासाठी रुग्णाला आजाराचे नाव ठाऊक असावे लागते. बहुसंख्य घरांत ते लपविले जाते, आणि रुग्णाला तर परळच्या फाटकावरील पाटीवरूनच ते कळलेले असते. मग दोघेही एकमेकांपासून तेच गुपित राखीत बसतात. किती सांगावे हे रुग्णालाच विचारावे. काहींना सर्व हवे असते, काहींना थोडके. घरात बोलणे जमत नसेल, मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ हा टेलि-मानसचा शासकीय दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तेथे पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. रुग्णाची सेवा करून थकलेल्या मुलीने किंवा सुनेनेही तेथे फोन करण्यास हरकत नाही.