फॉस्फेटची खूण आणि प्रथिनांचे डबे

नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला असलेल्या गास गावी काही शिक्षकांबरोबर गप्पांना बसलो होतो. एका बाईंनी विचारले, "माझ्या वर्गातील एका मुलीच्या वडिलांना रक्ताचा कर्करोग आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार चालू आहेत. रोज एक औषध घेतात आणि कामावर जातात. हे औषध नेमके काय करते, असे ती विचारते. काय सांगू?" औषधाचे नाव होते इमॅटिनिब. आम्ही तेथे जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडत आहोत.

फॉस्फेट म्हटले की आपल्याला खत आठवते, फार तर एटीपी. पण पेशी फॉस्फेटचा आणखी एक उपयोग करते. एटीपीच्या टोकाचा फॉस्फेट गट काढून ती तो प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लावर बसवते. यालाच फॉस्फोरिलीकरण म्हणतात. हा गट लहान असला तरी ऋण विद्युतभारित असतो. त्यामुळे आसपासचे आकर्षण-प्रतिकर्षण बदलते आणि प्रथिनाचे वागणेही बदलते. गट बसवणाऱ्या विकराला कायनेज, तर काढणाऱ्याला फॉस्फटेज म्हणतात. स्नायूंतील एक विकर या क्रियेने चालू-बंद होते, हे फिशर आणि क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास दाखवले. त्याबद्दल त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात पाचशेहून अधिक कायनेज आहेत.

आता प्रथिनाची रचना पाहू. फळ्यावर आपण प्रथिन म्हणून एक गोळा काढतो. विरार लोकलचे चित्र काढले तर ते अधिक खरे ठरेल. डबे घट्ट बांधणीचे आणि त्यांच्यामधले सांधे सैल. पुष्कळशी प्रथिने अशीच असतात. साखळीचा जो भाग स्वतंत्रपणे घडी घालून ठरावीक आकार घेतो, त्याला डोमेन म्हणतात. हा झाला डबा. एकाच बनावटीचा डबा अनेक गाड्यांना लागावा, तसे एकाच प्रकारचे डोमेन अनेक प्रथिनांत आढळते. दोन डोमेनांमधला भाग बहुधा निश्चित घडी नसलेला, लवचिक असतो.

फॉस्फेटच्या खुणा बहुतांशी या सैल भागांवर आढळतात. कारण सोपे आहे. साखळीचा तो तुकडा कायनेजच्या खाचेत शिरायला हवा. घट्ट घडीत दडलेला तुकडा तेथवर पोचत नाही. म्हणजे खूण सांध्यावर असते. पण ती लिहिणारे, वाचणारे आणि पुसणारे मात्र डोमेनच असतात. कायनेजचे डोमेन खूण लिहिते, फॉस्फटेजचे पुसते. वाचणाऱ्यांपैकी एक आहे एसएच२ डोमेन. सुमारे शंभर अमिनो आम्लांच्या या डोमेनमध्ये धन विद्युतभार असलेला एक खळगा असतो. फॉस्फेट बसलेले टायरोसीन त्यात नेमके बसते. फॉस्फेट नसेल तर ही पकड जमत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या पेशींत एबीएल नावाचे कायनेज असते. त्यात एसएच३, एसएच२ आणि कायनेज अशी तीन डोमेने ओळीने येतात. पहिली दोन तिसऱ्याला मागून आवळून धरतात आणि सुरुवातीच्या टोकाशी जोडलेले मेदाम्ल ही पकड टिकवते. त्यामुळे एबीएल एरवी शांत राहते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. एबीएलचे सुरुवातीचे टोक जाते आणि तेथे बीसीआर या दुसऱ्या प्रथिनाचा भाग जोडला जातो. जणू चुकीचा डबा लागतो! या डब्याच्या ओढीने असे रेणू एकमेकांना चिकटतात, एकमेकांवर फॉस्फेट बसवतात आणि कायनेज कायमचे चालू राहते. बीसीआरच्या भागातील १७७ व्या टायरोसीनवरही खूण उमटते. जीआरबी२ या प्रथिनाचे एसएच२ डोमेन ती वाचते आणि 'वाढा, विभागा' हा संदेश पुढे जातो. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.

इमॅटिनिब कायनेज डोमेनमधील एटीपीच्या जागेशी जाऊन बसते. एटीपी नाही, म्हणून फॉस्फेट नाही. खूणच नाही, तर वाचणार काय? अमेरिकेत २००१ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. भारतात मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च एक लाख रुपयांहून अधिक होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध दहा हजारांच्या आसपास मिळे. म्हणून त्याच्या एका स्फटिकरूपाच्या पेटंटला झालेल्या विरोधात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले.

तरीही पेशी कधी कधी पळवाट काढतात. एबीएलच्या ३१५ व्या जागी थ्रिओनीनऐवजी आयसोल्यूसीन आले की इमॅटिनिबला बसायला जागा उरत नाही. मग निराळ्या बांधणीचे औषध लागते.

तेव्हा मुलीला एवढेच सांगावे, असे आम्ही सुचवले: औषधाने बिघडलेले जनुक दुरुस्त होत नाही. ते फक्त लिहिणाऱ्याचा हात धरून ठेवते. हात सुटला की लिहिणे पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून बरे वाटू लागले तरी बाबांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकही दिवस औषध चुकवू नये. घरी त्याची आठवण ठेवण्याचे काम तिच्याकडे द्यावे. ती ते समजून करील.