तुफान सेनेचे दफ्तर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सातारा जिल्ह्याची पोरे दोन फौजांत लढत होती. एक मराठा पलटण. अपशिंग्यासारख्या गावांत घरटी माणूस तिच्यात होता आणि तिचे जवान आफ्रिका-इटलीच्या आघाड्यांवर झुंजत होते. दुसरी फौज त्याच जिल्ह्याच्या उसाच्या फडांत, ओढ्याकाठी आणि वस्त्यांवर उभी राहिली. ती इंग्रज सरकारविरुद्धच होती आणि तिचे नाव तुफान सेना. पहिल्या फौजेतल्या जवानाला नंबर होता, भरतीची तारीख होती, पेन्शनचे बुक होते. बेळगावच्या केंद्रात त्याची नोंद होती. दुसऱ्या फौजेच्या शिपायाकडे यातले काहीच नव्हते. कागद सापडला तर दहा घरे उघडी पडतील, म्हणून कागद करायचाच नाही, ही तिची शिस्त. या फौजेतली माणसे पुढे पाऊणशे वर्षे एकमेकांची खबर कशी ठेवत राहिली, त्याचा हा आढावा.

तिचे ठाणे कुंडल. आज हे गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. पण 1943 मध्ये सांगली हा जिल्हाच नव्हता. दक्षिण सातारा 1949 मध्ये वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे सांगली झाले. कुंडल तर ब्रिटिश मुलुखातही नव्हते. चहूबाजूंनी इंग्रजी हद्द आणि मध्ये औंध संस्थानचे हे गाव. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1939 मध्येच गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना जाहीर केली होती. हद्दीबाहेर काम करायचे आणि हद्दीत परतायचे, ही सोय भूमिगतांच्या पथ्यावर पडली. शेजारी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी. तिथल्या कारखान्यामुळे मुलांना यंत्राची, पगाराची आणि बाहेरच्या जगाची ओळख झालेली.  अशा गावात चळवळ रुजली यात नवल नाही.

या चळवळीचे आधीचे रूप उघड मोर्चांचे होते. 3 सप्टेंबर 1942 ला तासगाव कचेरीवर मोर्चा गेला. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळ्या झाडल्या गेल्या. तिथे पडलेल्यांत किर्लोस्करवाडीचे अभियंते उमाशंकर पंड्या होते. निःशस्त्र मोर्चा बंदुकीपुढे टिकत नाही, हे त्या दोन दिवसांत कळून चुकले. मग क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, म्हणजे इंग्रज राजवटीला समांतर उभ्या केलेल्या सरकारने, गावोगाव न्यायनिवाडे सुरू केले, सावकार-दरोडेखोरांना वचक बसवला, थोडक्या खर्चातले गांधी विवाह लावले. या कारभाराला बळ हवे म्हणून 1943 मध्ये कुंडलला तुफान सेना उभी राहिली. तिचे फील्ड मार्शल जी. डी. बापू लाड तेव्हा विशीत होते, आणि कॅप्टन रामचंद्र श्रीपती लाड त्यांच्याच वयाचे. त्यांना पुढे सारा मुलूख कॅप्टन भाऊ म्हणूनच ओळखू लागला.

7 जून 1943 ला शेणोलीजवळ जे घडले ते कॅप्टन भाऊ नव्वदी उलटल्यावरही बारकाव्यांसह सांगत. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत सरकारी पगाराची रक्कम होती. रुळांवर दगडांचा ढीग रचला. गाडी थांबताच मागच्या डब्यामागेही दगड टाकले, म्हणजे तिला मागे सरकता येऊ नये. हातात विळे, काठ्या, दोन-तीन गावठी बॉम्ब. बंदूक होती ती गार्डकडे. तिजोरीतून सुमारे 19 हजार रुपये निघाले. याला कोणी लूट म्हटले की भाऊ लगेच हटकत. इंग्रजांनी लोकांना लुटून नेलेले पैसे आम्ही परत आणले, असे त्यांचे ठाम म्हणणे. पुढच्या वर्षी, 14 एप्रिल 1944 ला, धुळे जिल्ह्यात चिमठाणे इथे सरकारी खजिना ताब्यात घेतला गेला. ती रक्कम साडेपाच लाखांच्या घरात होती. त्या कामी खानदेश आणि सातारा एकत्र आले होते. कुंडलचे बापू आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी दोघेही त्यात होते.

पण अशा धाडी वर्षातून एखाददुसऱ्या. बाकीच्या दिवसांत सेनेला जिवंत ठेवले ते निरोपांनी. कोणत्या वस्तीवर पोलीस उतरलेत, कोण फितूर झालाय, रात्रीची भाकरी कुठे पोचवायची, ही खबर वेळेत कळली नाही तर गटच्या गट हाती लागला असता. रामापूरचे गणपती यादव हे असे निरोपे. भूमिगतांची भाकरी आणि सांगावा पोचवणे हे त्यांचे काम, आधी पायी, मग सायकलवर.  त्यांच्यासारखी माणसे नसती तर धाडी घालणारे उपाशी राहिले असते आणि पकडलेही गेले असते. नव्वदीच्या उत्तरार्धातही यादव रोज सायकल चालवत होते.

बायकांचा वाटा तर कागदावर त्याहूनही कमी आला. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक माणूस बायकोला मारतोय, ती जमिनीवर पडून ओरडतेय, तो तिच्या डोक्यात दगड घालायला निघालाय, हे पाहून शिपाई सोडवायला बाहेर धावले. तेवढ्यात साथीदार आत शिरले आणि बंदुका घेऊन पसार झाले. ते भांडण खोटे होते, मार मात्र खरा. मार खाणारी ती बाई म्हणजे नाना पाटलांची लेक हौसाबाई. 1943 साली त्यांचे वय जेमतेम सतरा.

सैन्य म्हटले की मरण आलेच. फेब्रुवारी 1946 मध्ये शिराळा भागात मणदूरजवळ पोलिसांशी चकमक झाली. त्यात वाळव्याचे किसन अहिर आणि नानकसिंग पडले. नानकसिंग पंजाबी, मुलांना शस्त्रांचे शिक्षण देण्यासाठी इथे आले होते. अहिरांना रडायला घरचे होते. नानकसिंगांचे या मुलखात साथीदारांखेरीज कोणी नव्हते. गेली कित्येक दशके वाळव्यात या दोघांची नावे जोडीनेच घेतली जातात.

1946 मध्ये वॉरंटे उठली, नाना प्रकट झाले, आणि सेनेचे काम संपले. एरवी पलटणीच्या जुन्या जवानांची संघटना होते, वार्षिक मेळावा होतो, जेवणावळी होतात. इथे तसे लगेच झाले नाही, कारण साथीदार राजकारणात विखुरले. बापू शेतकरी कामगार पक्षात गेले. नाना शेकापमार्गे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि 1957 मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. येरवड्याचा तुरुंग फोडलेले किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले आणि 1962 मध्ये तेच साताऱ्याचे खासदार झाले. कालचे सोबती एकमेकांविरुद्ध फड गाजवू लागले. तरी ज्याच्या घरची भाकरी खाल्ली त्याच्या घरी लग्नाला, मयताला जायचे, हा रिवाज पक्षांच्या भिंतींनी मोडला नाही.

या नात्याची खरी कसोटी 1972 मध्ये लागली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. तिच्यासाठी सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा तेवढाच भूमिगत काळ, आणि त्याचा सरकारी पुरावा लागे. जो पकडला गेला त्याच्याकडे तुरुंगाचा दाखला होता. जो इतका हुशार, की पोलिसांच्या वहीत त्याचे नावच आले नाही, तो कोरडा राहिला. निरोपे, भाकऱ्या भाजणाऱ्या बायका, घराच्या माळ्यावर बंदूक लपवणारे म्हातारे, हे सगळे या दुसऱ्या वर्गातले. त्यांना वाट एकच होती: मान्यता मिळालेल्या ज्येष्ठ सैनिकाने लिहून द्यायचे की हा माणूस आमच्यात होता. फ्रान्सनेही नाझींविरुद्ध छुप्या रीतीने लढलेल्यांसाठी 1949 मध्ये कायदा करून ओळखपत्रे दिली, आणि तिथेही सोबत्यांच्या साक्षींनाच महत्त्व आले. गुप्त फौजेला दुसरे दफ्तर नसते. प्रतिसरकारच्या मुलखात जुन्या पुढाऱ्यांच्या सहीला अशी किंमत आली, आणि त्याबरोबर ताणही. खऱ्याला विसरलो तर अन्याय, खोट्याला सही दिली तर पाप. मागितलीच नाही म्हणून ज्यांना पेन्शन मिळाली नाही, अशीही माणसे गावोगाव होती.

मेळाव्यांची उणीव या लोकांनी कामातून भरून काढली. नागनाथअण्णांनी वाळव्यात उभा केलेला साखर कारखाना हुतात्मा किसन अहिर यांच्या नावाने आहे. चिरेबंदी स्मारक बांधून वर्षातून एकदा हार घालण्यापेक्षा, उसाच्या प्रत्येक पावतीवर मित्राचे नाव छापले जावे, ही श्रद्धांजली मला अधिक मोलाची वाटते. कुंडलच्या कारखान्याला क्रांती हे नाव पडले आणि पुढे त्याला बापूंचेही नाव जोडले गेले. 1993 पासून आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर यांच्याबरोबर तिथे नागनाथअण्णा होते, बापू होते. सत्तरी ओलांडलेले हे दोघे कृष्णेचे पाणी माणदेशाला मिळावे म्हणून पुन्हा एका मांडवात बसले. तुफान सेनेचा सगळ्यात मोठा मेळावा कुठला, असे कोणी विचारले तर मी पाणी परिषदेचे नाव घेईन.

अखेरचा सन्मान मात्र नातवंडांनी केला. जून 2017 मध्ये शेणोलीच्या घटनेच्या स्मृतिदिनी हयात सैनिकांना कुंडलला एकत्र आणण्यात आले. गोपाळकृष्ण गांधी आणि पत्रकार पी. साईनाथ हजर होते. कॅप्टन भाऊ, हौसाताई, गणपती यादव अशी नव्वदीतली माणसे एकमेकांना भेटली. त्यांच्या कहाण्या साईनाथांनी ‘द लास्ट हीरोज’मध्ये 2022 साली पुस्तकरूपाने आणल्या. त्याआधी अ. बा. शिंदे आणि कासेगावला घर केलेल्या गेल ऑम्वेट यांनी प्रतिसरकारचा अभ्यास केला होता. पण अभ्यासकांच्या वाट्याला बहुतांश पुढारी आले. निरोपे शेवटी शेवटी आले.

आता ही यादी मिटली आहे. बापू 14 नोव्हेंबर 2011 ला गेले, नागनाथअण्णा मार्च 2012 मध्ये. 2021 मध्ये शंभरी ओलांडलेले गणपती यादव गेले आणि त्याच वर्षी 23 सप्टेंबरला हौसाताई. 5 फेब्रुवारी 2022 ला कॅप्टन भाऊ गेले तेव्हा शंभरी चार-पाच महिन्यांवर होती. हा माणूस आमच्यात होता, असे लिहून देणारे कोणी उरले नाही.

म्हणून कडेगाव, पलूस, खानापूर, वाळवा, शिराळा, कराड या तालुक्यांतल्या वाचकांना एक विनंती. घरातल्या ट्रंकेत आजोबांचा पेन्शनचा अर्ज, कोणी दिलेला दाखला, सत्काराची निमंत्रणपत्रिका, जुना फोटो असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे नावे लिहा. आजीने कोणाला जेवू घातले हे आई-मावशीला आजच विचारा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. एक प्रत घरात ठेवा, दुसरी गावच्या वाचनालयात किंवा शाळेत द्या. ज्यांनी जिवाच्या भीतीने कागद ठेवला नाही, त्यांचा कागद आपण करायचा आहे.